जुन्या गाडीचा रिमोट आणि त्यातला चपटा सेल

मोटार थकण्याच्या खूप आधी तिची किल्ली थकते. इंजिन ठीक असते, टायर दोनदा बदललेले असतात, पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणीही झालेली असते. पण रिमोटच्या बटणावरचे रबर फाटलेले असते, अंगठा जोरात दाबल्याशिवाय दार उघडत नाही आणि प्लॅस्टिकच्या दोन वाट्या खिशातच सुट्या होतात. मग त्याला रबरबँड लागतो. काही दिवसांनी चिकटपट्टी. पनवेलपासून आठ-दहा किलोमीटरवर, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या नेऱ्यात ‘एमएच ०६’ची पाटी मिरवणाऱ्या अशा गाड्या अजून रोज धावतात. शांतिवनामुळे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. पाऊस इथे जोरकस पडतो, आणि चार महिने हवेत ओल भरलेली असली की रिमोटच्या आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर धरतो. ‘रिमोट गेला’ असे ज्याला म्हटले जाते, त्यातले बरेचसे रिमोट गेलेले नसतात. सेल उतरलेला असतो किंवा पट्टी गंजलेली असते.

तरीही नवा रिमोट घ्यायची वेळ येते. कंपनीचा महाग पडतो, जुन्या मॉडेलचा मिळतोच असे नाही, म्हणून पनवेलच्या बाजारात गाड्यांच्या सामानाचे दुकान किंवा किल्लीवाला गाठला जातो. तिथे तसाच दिसणारा रिमोट काही शे रुपयांत मिळतो. दिसायला तसाच असला तरी तो गाडीला ओळखत नाही, आणि गाडी त्याला ओळखत नाही. ही ओळख करून देणे म्हणजे पेअरिंग. किल्लीवाल्याच्या भाषेत कोडिंग.

आधी एक घोळ दूर करायला हवा. किल्लीच्या त्या मुठीत बहुधा दोन वेगळी यंत्रे असतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. एक रिमोट, तो दारे उघडतो-लावतो, त्याला सेल लागतो. दुसरी इमोबिलायझरची चिप. ती तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी असते आणि तिला सेल लागतच नाही. किल्ली इग्निशनमध्ये घातली की कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते आणि ती आपला क्रमांक सांगते. तो जुळला तरच इंजिन चालू राहते. म्हणूनच सेल संपलेल्या किल्लीने दार हाताने उघडून गाडी सुरू करता येते, आणि म्हणूनच नवा रिमोट जोडून दारे झकास उघडतात पण गाडी सुरू होत नाही, असा प्रसंगही येतो. दुसऱ्या प्रकारात दोष रिमोटचा नसतो. जुन्या किल्लीतली चिप काढून नव्या मुठीत बसवायची राहून गेलेली असते. जुनी मूठ फेकण्यापूर्वी ती नीट उघडून पाहावी ती यासाठी.

पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या अनेक साध्या मोटारींत रिमोट कंपनीकडून आलाच नव्हता. सेंट्रल लॉकिंगचा संच बाहेरून बसवून घेतला जाई; ऑटोकॉपसारखी नावे तेव्हा दारावरच्या स्टिकरवर दिसत. असा संच डॅशबोर्डच्या खाली कुठेतरी दडवलेला असतो. नवा रिमोट घेताना गाडीचे मॉडेल सांगून उपयोग होत नाही, त्या संचाची कंपनी आणि जुन्या रिमोटच्या आतल्या पट्टीवरचा क्रमांक पाहावा लागतो. लहरींची वारंवारताही जुळावी लागते. आपल्याकडे ती बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झ असते. अमेरिका आणि जपानच्या गाड्यांत ३१५ चालते. परदेशातून मागवलेला हुबेहूब रिमोट इथे मुका ठरतो तो याच कारणाने.

स्वस्तातल्या रिमोटचा कोड ठरलेला असतो. बटण दाबले की दर वेळी तोच आकडा हवेत जातो. हा आकडा २० अंकी द्विमान पद्धतीचा असेल तर एकूण शक्यता सुमारे साडेदहा लाख. ऐकायला भरपूर वाटते, पण कोणी जवळ उभे राहून एकदा तो आकडा टिपला की त्याला बाकीच्या शक्यतांची गरजच उरत नाही. यावर उपाय म्हणून दर दाबाला बदलणारा कोड आला. कीलॉक नावाची अशी एक पद्धत १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि पुढे जगभरच्या गाड्यांत व गॅरेजच्या दारांत पोचली. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी ती फोडून दाखवली, हेही खरे. तरी ठरलेल्या कोडपेक्षा ती कितीतरी बरी.

तिची युक्ती साधी आहे. रिमोटमध्ये एक गणक असतो. प्रत्येक दाबाला तो एकाने पुढे सरकतो, आणि त्या आकड्यावरून तयार झालेला गुप्त संदेश गाडीकडे जातो. गाडीतही तोच गणक असतो. गाडी लांब असताना बटण चुकून दाबले गेले तर रिमोट पुढे जातो आणि गाडी मागे राहते. म्हणून गाडी साधारण पुढचे १६ आकडे मान्य करते. त्याहून जास्त अंतर पडले तर एका दाबाने दार उघडत नाही, लागोपाठ दोनदा दाबावे लागते. दोन्ही आकडे एकापुढे एक आले, की गाडी आपला गणक पुढे आणून जुळवून घेते. हे सुमारे ३२ हजार दाबांपर्यंत चालते.

आता हे १६ दाब गाडीपासून लांब होतात तरी कसे? बहुतेक घरांत उत्तर एकच असते. रडणाऱ्या बाळाच्या हातात किल्ली दिलेली असते. ती वाजते, बटण दाबले की लाल दिवा लागतो, तोंडात घालायला बरी असते. दहा मिनिटे घर शांत राहते. सकाळी दार एका दाबाने उघडले नाही की ‘रिमोट बिघडला’ म्हणून पनवेलची फेरी होते. त्याआधी गाडीजवळ उभे राहून दोनदा दाबून पाहिले तर पुष्कळदा फेरी वाचते. पण वैद्यकाच्या दृष्टीने गोष्ट इथे संपत नाही. बाळाच्या तोंडात जी मूठ होती तिच्या वाट्या सैल आहेत, आणि आत सीआर २०३२ हा सेल आहे.

हे नाव म्हणजे त्याचे मापच. ‘सी’ म्हणजे लिथियम-मँगनीज डायऑक्साइड हे रसायन, ‘आर’ म्हणजे गोल, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. दाब ३ व्होल्ट. सध्याचे एक रुपयाचे छोटे नाणेही २० मिलिमीटरचेच आहे. लहान मुलांनी नाणी गिळणे काही नवे नाही, आणि पोटापर्यंत पोचलेले नाणे बहुतेक वेळा शौचावाटे निघून जाते. आजी-आजोबांचा अनुभव असा असल्यामुळे सेलकडेही तसेच पाहिले जाते. ही समजूत अत्यंत घातक आहे.

लहान मुलाची अन्ननलिका अरुंद. २० मिलिमीटरची चकती तिच्यात, बहुधा गळ्याच्या खालच्या भागात, अडकते. अन्ननलिकेच्या ओल्या भिंती सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटतात आणि विजेचे मंडल पूर्ण होते. सेल जिवंत असतो. तो आपले काम सुरू करतो. ओलाव्यातल्या पाण्याचे विघटन होऊन त्याच्या ऋण बाजूला हायड्रॉक्साइड साठू लागते. नाली मोकळी करायला जो कास्टिक सोडा वापरतात, त्याच जातीचा हा दाहक क्षार आता मुलाच्या गळ्यातच तयार होत असतो. सेल फुटतो आणि आतले रसायन बाहेर येते, असे अनेकांना वाटते. तसे काही व्हावे लागत नाही. सेल अखंड असतानाच भाजणे सुरू होते, आणि दोन तासांत गंभीर इजा झालेली असू शकते. आम्लाने भाजलेल्या जागी पापुद्रा धरतो. क्षार मात्र पेशी विरघळवत आत आत जातो. ऋण बाजू पुढे असेल तर श्वासनलिकेला छिद्र पडण्याचा धोका, मागे असेल तर मणक्यांना. जखम महाधमनीपर्यंत पोचली तर सेल काढल्यानंतर काही आठवड्यांनीही अचानक जीवघेणा रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

उतरलेला सेल निरुपद्रवी असतो, हा दुसरा गैरसमज. रिमोटला लहरी पाठवायला बऱ्यापैकी दाब लागतो. तो थोडा घटला की रिमोट बंद पडतो आणि सेल ‘संपला’ म्हणून काढला जातो. पण त्याच्यात दोन व्होल्टच्या वर दाब उरलेला असू शकतो, आणि पाण्याचे विघटन व्हायला त्याहून कमी पुरतो. म्हणजे टीव्हीवर, फ्रिजवर किंवा देव्हाऱ्यापाशी ‘नंतर टाकू’ म्हणून ठेवलेला जुना सेल नव्याइतकाच सांभाळायला हवा.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे गिळताना बहुधा कोणी पाहिलेले नसते. मूल बोलत नाही. लाळ गळू लागते, दूध किंवा घास नको होतो, उलटी होते, खोकला येतो, श्वासाला घरघर लागते. यातले काहीच न दिसता मूल खेळतही राहू शकते. सर्दी-खोकला समजून औषध दिले जाते आणि एक दिवस जातो. म्हणून घरात रिमोटची वाटी उघडी सापडली आणि सेल सापडला नाही, तर तो मुलाच्या पोटात असू शकतो असेच धरून चालावे. आधी एक्स-रे, मग घर झाडून शोधणे.

अशा वेळी घरात काय करू नये याची यादी काय करावे याच्यापेक्षा मोठी आहे. बोटे घालून उलटी करवू नये. केळे, भाताचा गोळा, तूप, भाकरीचा तुकडा भरवून ‘खाली ढकलण्याचा’ प्रयत्न करू नये. पुढे भूल द्यावी लागते तेव्हा भरलेले पोट धोक्याचे ठरते, आणि सेल हलतोच असे नाही. मुलाला उलटे धरू नये. अपवाद एकच. मुलाला श्वासच घेता येत नसेल, ते निळे पडत असेल, तर ती श्वासमार्गाची अडचण आहे आणि तिथे पाठीवर थापा देण्याचा प्रथमोपचार लगेच करायचा असतो.

करण्यासारखी एक गोष्ट मात्र बहुतेक घरांच्या फडताळात असते. ती म्हणजे मध. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी डुकराच्या पिलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गळ्यात सेल अडकलेला असताना वेगवेगळी पेये देऊन त्यांनी तुलना केली. मध आणि सुक्राल्फेट हे पोटाच्या अल्सरवरचे पातळ औषध यांनी इजा कमी झाली. मध दाट असल्याने सेल आणि भिंत यांच्यामध्ये थर धरतो आणि किंचित आम्लधर्मी असल्याने तयार होणारा क्षार थोडा मारतो. त्यानंतर अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत मधाला जागा मिळाली. मूल एक वर्षाहून मोठे असेल, सेल गिळून १२ तास झालेले नसतील आणि मुलाला गिळता येत असेल, तर दवाखान्याकडे जाताना दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे, म्हणजे सुमारे १० मिलिलिटर मध द्यावा. असे फार तर सहा वेळा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे त्या वयात बोट्युलिझम हा आजार होऊ शकतो. आणि मध आणायला दुकानात जाऊ नये. मधाने सेल निघत नाही. भाजण्याचा वेग तेवढा थोडा कमी होतो.

सेल काढावा लागतो तो भूल देऊन, दुर्बिणीच्या साहाय्याने. त्याआधी एक्स-रे हवा, आणि तो मानेपासून पोटापर्यंतचा. समोरून काढलेल्या फोटोत नाणे आणि सेल दोन्ही गोल दिसतात. पण सेलच्या कडेला आत आणखी एक वर्तुळ दिसते आणि बाजूने पाहिले तर एक पायरी दिसते. हा फरक ओळखणे फार महत्त्वाचे, कारण ‘नाणे आहे, उद्या पाहू’ हे वाक्य सेलच्या बाबतीत चालत नाही. रुग्णालयात शिरताच पहिल्या वाक्यात ‘सेल गिळला असावा’ असे स्पष्ट सांगावे आणि तसाच दुसरा सेल किंवा रिमोट बरोबर न्यावा. वरचा क्रमांक वाचून डॉक्टरांना माप कळते. सेल पोटात उतरलेला असेल तर घाई किती करायची हे मुलाचे वय, सेलचे माप आणि लक्षणे पाहून डॉक्टर ठरवतात. नाकात किंवा कानात सेल घातला असेल तर तिथेही तासांचाच हिशेब असतो. थेंब मात्र मुळीच घालू नयेत, ओल वाढली की भाजणे वाढते.

नेऱ्यासारख्या गावाच्या बाबतीत हा तासांचा हिशेब आणखी कडक होतो. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण लहान मुलाच्या अन्ननलिकेतून दुर्बिणीने वस्तू काढणारा डॉक्टर आणि मुलांना भूल देणारा तज्ज्ञ रात्री अकरा वाजता कुठे हजर आहे, हा वेगळा प्रश्न. १०८ ला फोन करावा आणि वाटेतच पुढच्या रुग्णालयात चौकशी सुरू करावी. ‘तुमच्याकडे मुलांची एंडोस्कोपी आत्ता होते का?’ एवढाच प्रश्न विचारावा. एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यात दोन तास सहज जातात.

म्हणून नवा रिमोट घेताना त्याची मूठ कशी आहे हे पाहणे कोडिंगइतकेच गरजेचे आहे. जिच्या वाट्या छोट्या स्क्रूने बांधलेल्या असतात ती घ्यावी. नुसत्या खटक्यावर बसणारी मूठ नखाने उघडते, आणि नखाने उघडते ती दोन वर्षांच्या दातांनीही उघडते. जुना रिमोट अजून चालत असेल, फक्त मूठ तुटली असेल, तर आतली पट्टी आणि चिप नव्या रिकाम्या मुठीत बसवून घेणे सर्वांत स्वस्त. कोडिंगचीही गरज पडत नाही. जुन्या संचांचे काही रिमोट १२ व्होल्टच्या बुटक्या नळीसारख्या सेलवर चालतात. तो सुमारे दहा मिलिमीटर जाड असतो. त्यालाही मुलांच्या हातापासून लांबच ठेवायचे, पण अन्ननलिकेत अडकून बसण्याचा २० मिलिमीटरच्या चकतीचा गुण त्याच्यात तुलनेने कमी. काही कंपन्या आता चपट्या सेलवर कडू लेप देतात. मूल थुंकून टाकेल या आशेवर ती सोय आहे. तो लेप टोकांच्या आड येऊन काही उपकरणे चालत नाहीत, आणि गिळल्यावर तर तो काहीच करत नाही.

ऑस्ट्रेलियाने जून २०२२ पासून अशा सेलचा कप्पा मुलांना उघडता येणार नाही असा ठेवणे सक्तीचे केले. अमेरिकेत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, सेल गिळून दगावलेल्या दीड वर्षाच्या मुलीच्या नावाने, ‘रीझचा कायदा’ झाला. पनवेलच्या काउंटरवर निवड ग्राहकालाच करावी लागते.

कोडिंग स्वतः फार वेळ घेत नाही. बाहेरून बसवलेल्या संचात साधारणपणे इग्निशन चालू करून डॅशबोर्डखालचे छोटे बटण ठरलेल्या वेळा दाबायचे, इंडिकेटर लुकलुकले की नव्या रिमोटचे बटण दाबायचे. किती वेळा दाबायचे ते संचागणिक बदलते आणि ते माहितीपत्रकात किंवा वायरमनच्या डोक्यात असते. कंपनीच्या इमोबिलायझरची चिप मात्र अशी जुळत नाही. त्यासाठी गाडीला तपासणीचे यंत्र जोडावे लागते. जुनी गाडी दुसऱ्याकडून घेतली असेल आणि एकच रिमोट हाती आला असेल, तर आधीचे रिमोट संचाच्या स्मरणातून काढून टाकायला सांगावे. बऱ्याच संचांत तीन-चार रिमोटांची जागा असते आणि नवा शिकवला की सर्वांत जुना बाहेर पडतो; तसे असेल तर हातातलाच रिमोट सर्व जागा भरेपर्यंत पुन्हा पुन्हा शिकवून हरवलेला रिमोट बाद करता येतो. चाचणी चालू असताना खिडकीची काच खाली ठेवावी, यांत्रिक किल्ली बाहेर हातात ठेवावी आणि मूल गाडीत बसवू नये. काही संच दार न उघडल्यास अर्ध्या मिनिटात आपोआप कुलूप लावतात, आणि उन्हात बंद गाडी पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने तापते.

रिमोटच्या लहरींनी काही अपाय होतो का, हा प्रश्न हटकून विचारला जातो. बटण दाबले तेवढ्यापुरतीच, तीही काही मिलिवॉटची लहर निघते. मोबाइलच्या तुलनेत ती नगण्य आहे. भीती बाळगायचीच तर ती आतल्या चकतीची बाळगावी.

सेल बदलताना पितळी पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच घासल्या तर हिरवा थर निघतो आणि नव्या सेलचे आयुष्य वाढते. काम टेबलावर करावे, जमिनीवर बसून नव्हे. सेल पाकिटातून काढताना दुसरा पाकिटातच राहू द्यावा. पाच सेलची पट्टी स्वस्त पडते म्हणून घेतली तर उरलेले चार कुलपात जातील याची सोय आधी करावी. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना तिथल्या तिथे चिकटपट्टी लावावी. त्याने मंडल जुळत नाही, कचऱ्यात धातूला लागून ठिणगीही पडत नाही. पट्टी लावलेला सेल झाकणाच्या बरणीत ठेवावा आणि पुढच्या वेळी सेल घ्यायला जाताना जुन्या बॅटऱ्या व ई-कचरा परत घेणाऱ्या ठिकाणी द्यावा. बाळाला वाजवायला किल्लीच हवी असेल, तर जुन्या कपाटाची रिमोट नसलेली, मोठ्या कडीची द्यावी.